विविधता जास्त, तरी बॅच मागे का पडली? आतड्यातल्या जिवाणूंचा अहवाल वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रॉयलरच्या लागोपाठच्या दोन बॅचमध्ये लिटरवरची (शेडमधल्या भुश्याच्या अंथरुणावरची) ताजी विष्ठा गोळा करून तुम्ही आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करून घेतली. पहिल्या बॅचचा नमुना २१व्या दिवशी घेतला, दुसरीचा ३५व्या दिवशी. पहिलीचा शॅनन निर्देशांक, म्हणजे जिवाणूंच्या विविधतेचा आकडा, ३.१ आला, दुसरीचा ४.४. ‘विविधता जितकी जास्त तितके आतडे निरोगी’ असे तुम्ही सगळीकडे वाचलेले. पण वजन आणि एफसीआर (एक किलो वजनामागे लागलेले खाद्य) चांगले मिळाले ते पहिल्या बॅचला. दुसरीत लिटर ओले झाले, पक्षी लहान-मोठे राहिले. मग अहवाल चुकला का? की विविधतेचे सगळे बोलणेच पोकळ आहे? आणि पुढच्या बॅचला प्रोबायोटिक सुरू करायचे का?

अहवाल चुकला असे मला वाटत नाही. आकडा बरोबरच असेल, फक्त तो कशाचा आकडा आहे ते आधी ठरवावे लागेल. कोंबडीच्या आतड्यात जिवाणूंची एकच वस्ती नसते. अन्नपिशवीपासून गुदद्वारापर्यंत वेगवेगळ्या वस्त्या आहेत, आणि लिटरवरून उचललेली विष्ठा कधी एका वस्तीची बातमी देते, कधी दुसरीची. तुमच्या दोन नमुन्यांची वये वेगळी आहेत, आणि कोणत्या विष्ठा उचलल्या याची नोंद नाही. माझ्या मते निम्मा घोळ इथेच आहे.

सकाळी शेडमध्ये शिरल्यावर लिटरकडे नीट बघा. बहुतेक विष्ठा घट्ट, आकार धरलेली, वर युरिक आम्लाची पांढरी टोपी असलेली दिसेल. मधूनच एखादी वेगळी दिसेल: गडद तपकिरी, मऊ, चिकट, चकाकणारी, पांढरा भाग जवळजवळ नसलेली आणि वासाला उग्र. ही सीकल विष्ठा. ती दोन सीकांमधून येते, म्हणजे लहान आतडे संपते तिथे दोन्ही बाजूंना फुटलेल्या आंधळ्या पिशव्यांमधून. साधारण आठ-दहा विष्ठांमागे अशी एखादी असते. ही विष्ठा बघून ‘हगवण लागली’ म्हणून औषध सुरू केलेले मी अनेकदा पाहिले आहे. एका शेडवर तर धडधाकट पक्ष्यांना पाच दिवस प्रतिजैविक पाजून झाल्यावर मला बोलावले होते. तोवर सीकल विष्ठा खरोखरच पातळ आणि फेसाळ झाली होती, आणि ती त्या औषधाने झाली होती.

आता हे लक्षात घ्या: साध्या विष्ठेत लहान आतड्याची बातमी असते आणि सीकल विष्ठेत सीकांची. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बहुतेक वेळा लॅक्टोबॅसिलसचे राज्य असते. जाती मोजक्या आणि त्यातही एक-दोघांचा भरणा. सीकांत शेकडो जाती नांदतात. गोळा केलेल्या वीस विष्ठांमध्ये सीकल एकही नसेल तर निर्देशांक खाली येतो. तीन-चार आल्या तर एकदम वर जातो. पक्ष्यांच्या प्रकृतीत काही फरक न पडता हे घडते. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे हे नीट वेगळे करत नव्हतो, आणि त्या काळातल्या माझ्या नोंदी आज तुलनेला उपयोगी पडत नाहीत.

शॅनन निर्देशांकाबद्दलही दोन शब्द. त्यात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात: जाती किती आणि त्यांची वाटणी किती समसमान. समजा एका शेडमध्ये पाच रंगांच्या शंभर कोंबड्या आहेत, प्रत्येक रंगाच्या वीस. नैसर्गिक लॉग धरून त्या शेडचा निर्देशांक १.६१ येतो. दुसऱ्या शेडमध्येही रंग पाचच आहेत, पण ९६ पांढऱ्या आणि बाकी चार रंगांची एकेक कोंबडी. तिथे निर्देशांक येतो ०.२२. रंग दोन्हीकडे तेवढेच, आकड्यात मात्र सात पट फरक. शिवाय काही प्रयोगशाळा दोनच्या पायाचा लॉग वापरतात. तसे केले तर पहिल्याच शेडचा निर्देशांक २.३२ होतो. म्हणून वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांनी कोणता लॉग वापरला आणि नमुन्यामागे डीएनएची किती वाचने धरली, हे विचारून घ्या. तुमचे दोन्ही अहवाल एकाच ठिकाणचे असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

अशा तपासणीत बहुधा १६एस आरआरएनए या जनुकाचा तुकडा वाचला जातो. त्यातून मिळतात टक्केवाऱ्या. लॅक्टोबॅसिलस ६० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आला, तर तो खरोखर घटला की बाकीचे वाढले, हे टक्केवारी सांगू शकत नाही. मेलेल्या जिवाणूंचा डीएनएसुद्धा मोजणीत येतो. एवढे भान ठेवले तर ही तपासणी फार उपयोगी आहे. तिच्यामुळेच आपल्याला कळले की सीकांतले बरेचसे रहिवासी प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढवताच येत नव्हते.

आता या वस्त्या एकेक करून बघू, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

अन्नपिशवीत दाणा भिजतो आणि तिथे लॅक्टोबॅसिलस भिंतीला थर करून चिकटलेले असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, पिशवी आंबट राहते आणि पाण्यातून-खाद्यातून आलेल्या साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना पहिला अडथळा तिथेच होतो. पुढे जठर आणि दाणा दळणारी पेषणी. तिथले आम्ल इतके तीव्र असते की बरेच जिवाणू तिथेच मरतात. पेषणी दणकट असेल तर ही गाळणी चांगली चालते. खाद्य पिठासारखे बारीक असेल तर पेषणीला काम उरत नाही, ती लहान आणि मऊ पडते आणि दाणा नीट आम्लात न मुरताच पुढे सरकतो. पोस्टमॉर्टेम करताना मी पेषणी हातात घेऊन दाबून बघतो ती यासाठी.

लहान आतड्यात अन्न फार वेळ थांबत नाही. कोंबडीने खाल्लेले बहुतेक काही तासांतच बाहेर पडते. इथे पित्त आहे, पाचक रस आहेत, अन्नाचा वेग आहे. टिकून राहायचे तर भिंतीला धरून राहता आले पाहिजे किंवा भराभर वाढता आले पाहिजे. म्हणून इथे मोजकेच जिवाणू टिकतात आणि तसेच असणे योग्य आहे. इथला साखर-प्रथिनांचा घास आधी पक्ष्याच्या वाट्याला गेला पाहिजे. लॅक्टोबॅसिलससुद्धा इथे अगदीच निरुपद्रवी नसतात. त्यांच्यातले काही पित्तक्षारांची मोडतोड करतात, त्यामुळे स्निग्ध पदार्थांचे पचन थोडे मागे पडते. लहान आतड्यात अचानक नव्या जातींची गर्दी झालेली दिसली, की माझा पहिला संशय असतो की वर अन्न नीट पचलेले नाही आणि उरलेल्यावर बाकीच्यांची मेजवानी चालली आहे. म्हणजे लहान आतड्यापुरते बोलायचे तर वाढलेली विविधता हे बऱ्याचदा बिघाडाचे लक्षण असते.

सीकांचे चित्र उलट आहे. मोठ्या कोंबडीच्या सीका साधारण वीतभर लांब. आतड्यातला सगळा माल तिकडे जात नाही. तोंडाशी अशी चाळणी असते की फक्त पातळ आणि अगदी बारीक कणच आत शिरतात. मागच्या बाजूने उलट्या लाटांनी लघवीतले युरिक आम्लही आत ढकलले जाते आणि तिथले जिवाणू ते फोडून त्यातला नत्र पुन्हा वापरात आणतात. आत माल तासन्‌तास मुरतो, ऑक्सिजन जवळपास नसतो, आणि एका ग्रॅममध्ये दहा अब्ज ते शंभर अब्ज जिवाणू असतात. लॅक्नोस्पायरेसी आणि रुमिनोकॉकेसी या कुळांतले, फीकॅलिबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइड्स आणि त्याचे भाऊबंद असे सगळे इथे एकमेकांच्या उष्ट्यावर जगतात. एक जण तंतुमय पदार्थ फोडतो, दुसरा त्यातून निघालेले लॅक्टेट आणि ॲसिटेट घेऊन ब्युटिरेट बनवतो, तिसरा हायड्रोजन संपवतो. ब्युटिरेटवर आतड्याच्या आवरणातल्या पेशी पोसल्या जातात. या साखळीत जितके हात जास्त तितके एखाद्या आगंतुकाला रिकामी जागा आणि मोकळे अन्न मिळणे अवघड. ‘विविधता चांगली’ हे वाक्य खरे आहे ते इथे, सीकांपुरते.

जाती किती असाव्यात याची कल्पना यावी म्हणून सांगतो. २०१३ मध्ये कोंबडीच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तोवर नोंदवलेल्या जनुकक्रमांची एक मोजदाद प्रसिद्ध झाली. त्यात १३ संघ, ११७ प्रजाती आणि जातींच्या तोडीचे ९१५ गट निघाले. त्यानंतर पूर्ण जनुकसंच वाचण्याच्या पद्धती आल्या आणि अजून नाव नसलेल्या शेकडो जाती समोर आल्या. एका पक्ष्यात अर्थातच हे सगळे एकदम नसतात.

आता मला ज्याची सर्वात जास्त कळकळ वाटते त्या मुद्द्याकडे येतो. हे जिवाणू पिल्लात येतात कुठून?

खुडूक कोंबडीखाली उबलेली पिल्ले पहिल्याच दिवशी काय करतात ते बघा. आईच्या पंखाखालून बाहेर येतात, तिच्या पायाशी टोचत फिरतात, आणि त्यात तिची ताजी सीकल विष्ठाही टोचतात. बघणाऱ्याला किळस येते. पण पिल्लाला त्या टोचण्यातून पूर्ण वाढलेल्या सीकांचे विरजण मिळते. हॅचरीतल्या पिल्लाला आई भेटतच नाही. अंड्यांचे कवच निर्जंतुक केलेले, ट्रे धुतलेले, हवा गाळलेली. ही स्वच्छता रोगांसाठी गरजेचीच आहे, तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण तिच्याबरोबर आईचे विरजणही धुतले जाते. मग पिल्लाचे आतडे ज्याने आधी गाठले त्याचे: हॅचरीतली धूळ, वाहतुकीचा ट्रे, माणसांचे हात, ब्रूडरखालचा (पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याखालचा) लिटर, पहिले पाणी.

या पिल्लांत पहिले एक-दोन दिवस ई. कोलायचे नातेवाईक, एंटेरोकॉकस आणि काही क्लॉस्ट्रिडियम भराभर वाढतात. त्यातले जे ऑक्सिजन वापरतात ते आतड्यातला उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि पुढच्यांची वाट मोकळी करतात. मग लॅक्टोबॅसिलस लहान आतड्यात जम बसवतात. तिथली वस्ती साधारण दोन आठवड्यांत स्थिरावते. सीकांत लॅक्नोस्पायरेसी आणि रुमिनोकॉकेसी हळूहळू वाढतात, आणि तिथली घडी नीट बसायला चार आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. ब्रॉयलरचे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचे. म्हणजे तो विकायला निघतो तेव्हा कुठे त्याच्या सीका प्रौढ होऊ लागलेल्या असतात. तुमच्या २१व्या आणि ३५व्या दिवसाच्या आकड्यांत जो फरक आहे, त्यातला मोठा भाग निव्वळ वयाचा असू शकतो.

यात एक बारकावा आहे. लॅक्नोस्पायरेसी-रुमिनोकॉकेसी गोतावळ्यातल्या अनेकांना बीजाणू करता येतात. ते धुळीत, वाळलेल्या लिटरमध्ये तग धरतात आणि आईविना वाढणाऱ्या पिल्लापर्यंतही उशिरा का होईना पोहोचतात. बॅक्टेरॉइड्सना बीजाणू करता येत नाहीत आणि हवा लागली की ते फार टिकत नाहीत. त्यांना एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे ओली-ताजी वाट लागते. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की नुकत्या उबलेल्या पिल्लांना प्रौढ कोंबडीबरोबर फक्त २४ तास ठेवले तरी तिच्या सीकांतले बॅक्टेरॉइड्स वगैरे पिल्लांत रुजतात. कोंबडीशिवाय वाढलेल्या पिल्लांत ते बराच काळ दिसत नाहीत. माझ्याकडे कुणाचा अहवाल आला की मी एकूण विविधतेच्या आधी हा गट शोधतो. पिल्लांना कुणा मोठ्या पक्ष्याकडून काही मिळाले की सगळे धुळीतूनच आले, हे त्यावरून बऱ्यापैकी कळते.

याच कारणाने दोन बॅचची तुलना फसवी ठरते. ऑस्ट्रेलियात ड्रॅगाना स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारख्याच पद्धतीने, सारख्याच खाद्यावर लागोपाठ तीन चाचण्या घेतल्या. तिन्हींत सीकांमधल्या वस्त्या वेगळ्या निघाल्या, आणि एकाच चाचणीतल्या पक्ष्यापक्ष्यांतही बराच फरक होता. त्यांनी बोट ठेवले ते सुरुवातीवर: आईकडून ठरावीक विरजण न मिळाल्यामुळे पहिल्या दिवसांत कोण येईल हे नशिबावर राहते. तुमच्या दोन बॅचची पिल्ले एकाच हॅचरीची, एकाच जातीची असली तरी आतड्याच्या हिशेबाने ती दोन वेगळी गावे असू शकतात.

आणि हे आधी येण्याचे महत्त्व काही नवे नाही. १९७१ मध्ये फिनलंडमध्ये ब्रॉयलर कळपांत साल्मोनेला इन्फँटिसची मोठी लागण झाली. एस्को नुर्मी आणि रंतला यांनी १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला माल नुकत्या उबलेल्या पिल्लांना पाजला तर नंतर साल्मोनेला दिला तरी तो त्यांच्यात सहज रुजत नाही. जागा आधीच भरलेली असते, अन्न वाटून गेलेले असते, आणि तयार झालेली आम्ले आगंतुकाला सोसत नाहीत. या तत्त्वावर पुढे तपासलेल्या, रोगमुक्त कळपांतून घेतलेल्या मिश्रणांची उत्पादने निघाली. हे वाचून कुणी आपल्या जुन्या कोंबड्यांची विष्ठा कालवून पिल्लांना पाजू नका. त्यातून कॉक्सीच्या (आतड्यातल्या आयमेरिया या परजीवीच्या रोगाच्या) ऊसिस्ट म्हणजे अंड्यांसारख्या कोषिका, साल्मोनेला, जंतांची अंडी, विषाणू असे सगळेच जाईल. चाचणी न केलेले विरजण देणे हा जुगार आहे आणि त्यात पिल्ले मरतात.

मग दुसऱ्या बॅचमध्ये काय झाले असावे? लिटर ओला, पक्षी असमान आणि विष्ठेत विविधता जास्त. माझा अंदाज दोन गोष्टींवर आहे. एक, वय जास्त आणि नमुन्यात सीकल विष्ठा जास्त. ही साधी शक्यता. दुसरी, आतड्याचा बिघाड. आतड्याला सूज आली, अन्न अर्धवट पचून पुढे गेले, की साध्या विष्ठेतही नको त्यांची भर पडते आणि निर्देशांक वाढतो. याची सुरुवात बऱ्याचदा कॉक्सीने होते. आयमेरिया आतड्याच्या पेशी फोडतो, श्लेष्मा आणि रक्तद्रव गळतो, आणि ते क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूला आयते खाद्य होते. हा जिवाणू निरोगी पक्ष्यातही थोडाफार असतोच. पण नेटबी नावाचे विष तयार करणारे वाण वाढले की नेक्रोटिक एन्टरायटिस, म्हणजे आतड्याचे अस्तर मरण्याचा रोग, होतो. तेव्हा एकट्या क्लॉस्ट्रिडियमची टक्केवारी फुगते आणि विविधता उलट पडते. म्हणजे बिघाडात आकडा वरही जाऊ शकतो आणि खालीही.

खाद्यातले धान्य बदलले होते का, तेही आठवून बघा. गहू, बार्ली, राय यांच्यात पाण्यात विरघळणारे अरॅबिनोझायलन आणि बीटा-ग्लुकॅन असतात. त्यांनी आतड्यातला माल बुळबुळीत, चिकट होतो, वेग मंदावतो, पाचक रस दाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. मग लहान आतड्यात जिवाणू वाढतात आणि लिटर ओला होतो. झायलनेज, ग्लुकनेज ही विकरे खाद्यात घालतात ती हा चिकटपणा तोडायला. तुटलेले छोटे तुकडे पुढे सीकांत जाऊन तिथल्या उपयोगी जिवाणूंना खाद्य होतात, हा वरचा फायदा. प्रथिने जास्त आणि नीट न पचणारी असतील, तर तीही सीकांत जाऊन कुजतात आणि अमोनिया वाढवतात.

विविधता भरपूर म्हणजे सगळे रोगजंतू दूर, असेही धरून चालू नका. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी कोंबडीच्या सीकांत सुखाने राहतो. तिच्या अंगाची ४१-४२ अंशांची ऊब त्याला मानवते. कोंबडी सहसा आजारी दिसत नाही, आजारी पडतो तो अर्धवट शिजलेले मांस खाणारा माणूस. सीकांतली वस्ती चांगली मुरलेली आणि विविध असलेल्या कळपातही तो सापडतो.

प्रतिजैविकांबद्दल. १९४०च्या दशकात पिल्लांना खाद्यातून थोड्या प्रमाणात स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे दिली की ती जोमाने वाढतात असे दिसले, आणि पुढची कित्येक दशके ती खाद्यात पडत राहिली. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीचा असा वापर बंद केला, युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून तो पूर्ण थांबला. ही औषधे लहान आतड्यातली वस्ती पातळ करतात आणि पक्ष्याचा घास पक्ष्याला जास्त मिळतो, म्हणून वाढ दिसते. पण औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे राहतात, ते माणसापर्यंत पोहोचतात. पहिल्या आठवड्यात ‘सवयीने’ दिले जाणारे प्रतिजैविक तर मला अजिबात पटत नाही. घर बांधायला आलेल्यांना त्याच आठवड्यात हाकलायचे आणि मग चौथ्या आठवड्यात आतडे कच्चे का म्हणून विचारायचे. रोगाचे निदान झाले असेल तर औषध द्यावेच लागते. तिथे हात आखडू नये.

आता प्रोबायोटिक. लॅक्टोबॅसिलसची, एंटेरोकॉकसची, बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूंची अशी बरीच उत्पादने मिळतात. एक-दोन वाण दिल्याने सीकांतली विविधता वाढत नाही. ती अपेक्षा ठेवू नका. बहुतेक वाण आतड्यात कायमचे रुजत नाहीत, देणे थांबवले की काही दिवसांत निघून जातात. तरी उपयोग आहे, आणि तो योग्य वेळी आहे: पहिल्या चार-पाच दिवसांत जागा धरून ठेवायला, प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यावर, आणि खाद्य बदलाच्या दिवसांत. बॅसिलसचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करतानाच्या उष्णतेत टिकतात, म्हणून ते खाद्यातून देता येतात. लॅक्टोबॅसिलस पाण्यातून द्यायचा असेल तर त्या पाण्यातला क्लोरीन आधी बंद करा. सकाळी क्लोरीन टाकायचा आणि त्याच टाकीत जिवंत जिवाणू ओतायचे, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता शेडवर गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतो.

पण तुमच्या जागी मी असतो तर प्रोबायोटिकच्या आधी ब्रूडिंगकडे, म्हणजे पहिल्या दिवसांतल्या उबेकडे आणि देखभालीकडे, बघितले असते. पिल्लू उबल्यापासून पहिला दाणा तोंडात पडेपर्यंत किती तास जातात? दाणा-पाणी उशिरा मिळाले की आतड्याच्या आतले, अन्न शोषणारे अंकुर खुंटतात. आल्यावर आठ तासांनी वीस-तीस पिल्लांच्या अन्नपिशव्या बोटांनी चाचपून बघा. बहुतेकांच्या भरलेल्या आणि मऊ लागल्या पाहिजेत. कडक लागल्या तर पाणी मिळत नाही. लिटर थंड असेल तर पिल्लू घोळका करून बसते, खात नाही. निपलच्या (पिण्याच्या तोट्यांच्या) पाइपमध्ये बुळबुळीत थर असेल तर पिल्लाला पहिले जिवाणू त्याच थरातून मिळतात. रिकाम्या शेडमध्ये पाइप धुऊन काढा. जुन्या लिटरबद्दल दोन्ही बाजू आहेत. पुन्हा वापरलेल्या लिटरवर वाढलेल्या पिल्लांत आतड्यातले जिवाणू लवकर दिसतात, नव्या लिटरवरच्या पिल्लांत बाहेरच्या वातावरणातले जास्त दिसतात. पण आधीच्या बॅचला कॉक्सी, गंबोरो (विषाणूचा रोग) किंवा क्लॉस्ट्रिडियमचा त्रास झाला असेल, तर तो लिटर काढाच. तुमच्या दुसऱ्या बॅचचा तर नक्कीच काढा.

शेडमध्ये आतड्याची परीक्षा करायला दर वेळी प्रयोगशाळा लागत नाही. २१-२४ दिवसांच्या सुमारास पाच-सहा पक्षी उघडून बघा. निरोगी आतडे कापले की कड आपोआप थोडी बाहेर वळते, भिंतीला ताण असतो. बिघडलेले आतडे फुग्यासारखे सैल, भिंत पातळ, आरपार दिसणारी, आत पाणीदार माल आणि न पचलेले कण. सीका उघडल्यावर गडद, एकसारखा, मऊ माल असावा. पिवळट, फेसाळ, बुडबुड्यांनी भरलेला माल दिसला तर वरून न पचलेले अन्न येऊन तिथे नको तसे आंबते आहे असे समजा आणि खाद्य व कॉक्सी या दोन्हींकडे वळा.

पुढच्या बॅचला तपासणी करायचीच असेल तर अशी करा. प्रत्येक बॅचला त्याच दोन वयांना, म्हणजे १४व्या आणि २८व्या दिवशी. शेडच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, स्वच्छ कागद अंथरून त्यावर पडलेलीच विष्ठा घ्या, म्हणजे लिटरमधले जिवाणू मिसळणार नाहीत. साधी विष्ठा एका डब्यात, सीकल दुसऱ्यात, कधीही एकत्र नाही. लगेच बर्फावर ठेवून गोठवा. उन्हात तासभर राहिलेल्या नमुन्यात ई. कोलायचे गोतावळे वाढून चित्र बदलते. सोबत त्या दिवसाचे सरासरी वजन, खाद्याचा टप्पा, दिलेली औषधे-लसी आणि लिटरची अवस्था लिहून ठेवा. अहवाल आला की साध्या विष्ठेत लॅक्टोबॅसिलस किती आणि ई. कोलायचा गट किती ते पाहा. सीकल विष्ठेत लॅक्नोस्पायरेसी, रुमिनोकॉकेसी, फीकॅलिबॅक्टेरियम आणि बॅक्टेरॉइड्स किती ते पाहा. शॅननचा आकडा त्यानंतर, आणि तो फक्त सीकल डब्याचा.

या बॅचचे उरलेले नमुने गोठवलेले असतील तर ते टाकून देऊ नका. त्यातल्या गडद, चिकट विष्ठा वेगळ्या ओळखू येत असतील तर दोन्ही बॅचमधल्या तेवढ्याच पुन्हा तपासायला द्या, आणि दुसऱ्या बॅचला ओल्या लिटरची सुरुवात कोणत्या दिवशी झाली ते मला कळवा. ती १८ ते २५ दिवसांच्या मध्ये झाली असेल, तर मी सगळ्यात आधी कॉक्सीच्या ऊसिस्ट मोजायला सांगेन.